वयाच्या ४४व्या वर्षी पुन्हा बाकावर: शैक्षणिक तंत्रज्ञान शिकताना

खडूफळा | १९ जुलै, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी,

गेली १९ वर्षं मी पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवते. आठवी ते दहावी. यंदा जूनमध्ये शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. वय ४४. शनिवारी दिवसभर आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी वर्ग असतात. शाळा सुटली की घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोनं अंधेरी, पुन्हा लोकल. घरी परतेपर्यंत साडेनऊ होतात. मुलगा बारावीला आहे, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, आणि तरीही मी हे करतेय. का ते सांगते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या पटावरच्या बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन होता, आणि तो वडिलांबरोबर कामावर जायचा. वडील रात्री नऊला घरी आले की मुलं माझे व्हिडिओ बघायची. गृहपाठाचे फोटो रात्री साडेदहा-अकराला येत. मी तेव्हा झपाटल्यासारखे व्हिडिओ केले. पीपीटीवर ॲनिमेशन, मागे माझा आवाज. पालक दुवा द्यायचे, मोठ्या बाईंनी स्टाफ मीटिंगमध्ये कौतुक केलं. पण माझ्या मनात एकच प्रश्न होता: हे आत जातंय का? फळ्यासमोर मुलांचे डोळे दिसतात. मोबाईलवर काही दिसत नव्हतं. शाळा पुन्हा भरल्या तरी तो प्रश्न सुटला नाही. तोच मला इथपर्यंत घेऊन आला.

आता मूळ मुद्दा. पहिल्याच महिन्यात आम्हाला एक काम दिलं. स्वतः तयार केलेलं एखादं शैक्षणिक साहित्य घ्या, वर्गात वापरा, आणि मुलांना त्यातून नेमकं काय कळलं ते शोधा. आवडलं का, हे विचारायचं नाही. कळलं काय, तेवढंच.

मी नववीच्या ‘धाराविद्युत’वरचा माझा सहा मिनिटांचा व्हिडिओ घेतला. त्यात एक सेल आहे, वायर आहे, एकसर जोडणीतले, म्हणजे एकामागे एक जोडलेले, दोन बल्ब आहेत, आणि वायरमधून पिवळे ठिपके धावतात. ठिपके म्हणजे विद्युतधारा. मुलांना तो फार आवडतो. तो दाखवला आणि मग एकच प्रश्न कागदावर दिला: पहिल्या बल्बच्या आधी, दोन बल्बच्या मध्ये आणि दुसऱ्या बल्बच्या नंतर, या तीन ठिकाणी विद्युतधारा कमी-जास्त असेल की सारखी? कारण लिहा.

निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं की दुसऱ्या बल्बपर्यंत धारा कमी होते, कारण पहिल्या बल्बनं ती वापरलेली असते.

एकसर जोडणीत विद्युतधारा सगळीकडे सारखी असते. बल्बमध्ये रूपांतर होतं ते ऊर्जेचं, धारा कुठे खर्च होत नाही. हे मी १९ वर्षं शिकवतेय. मला वाटलं, मुलांचं लक्ष नव्हतं. मधल्या सुट्टीत पहिल्या बाकावरच्या एका मुलाला जवळ बोलावून विचारलं, “असं का लिहिलंस?” तो म्हणाला, “बाई, व्हिडिओतच तसं आहे. बल्बच्या पुढे ठिपके कमी होतात.”

घरी येऊन व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. खरंच होतं. बल्ब उजळल्यासारखा दिसावा म्हणून मी त्याच्यापर्यंतचे ठिपके ठळक केले होते आणि पुढचे फिके, विरळ. दिसायला छान वाटलं म्हणून. जी चूक मुलांच्या मनातून काढायची, तीच मी पिवळ्या रंगात रंगवून त्यांच्या हातात दिली होती. तीन वर्षं, प्रत्येक नववीला.

त्या रात्री झोप लागली नाही. पण आपण योग्य ठिकाणी शिकायला आलोय, हेही त्याच रात्री पक्कं झालं.

तुमच्यापैकी कोणी नोकरी करता करता असं पुन्हा शिकायला बसलं असेल, किंवा याच क्षेत्रात असेल, तर लिहा. इंग्रजी शोधनिबंध वाचायला मला अजून फार वेळ लागतो, एका निबंधाला दोन-तीन रात्री जातात. त्याबद्दलही सांगा. आणि व्हिडिओ सुधारायचा कसा, तेही.

---

शेवंती | १९ जुलै, रात्री ११.५२

ताई, माझी आई ४६व्या वर्षी एम.ए. झाली, तीही प्राथमिक शिक्षिका. सकाळी कुकर लावून शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहून वाचायची. मी तेव्हा आठवीत होते. तिला वाचताना बघून मी वाचायला लागले. तुमचा मुलगाही बघतोय.

---

अंधेरीलोकल | २० जुलै, सकाळी ९.०५

वाचून अंगावर काटा आला, कारण हे फिके ठिपके मी रोज बघतो. आधी सात वर्षं शिक्षक होतो, आता अंधेरीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे, म्हणजे शिकवण्याचं साहित्य आखतो. आमच्याकडे विषयतज्ज्ञ मजकूर देतात, आम्ही स्टोरीबोर्ड (कुठल्या दृश्यात काय दिसेल, काय ऐकू येईल) लिहितो, मग ग्राफिक्सवाले ते रंगवतात. चूक बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यात शिरते. काहीतरी सुंदर दिसावं म्हणून अर्थ बदलतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तोवर विषयतज्ज्ञानं सही केलेली असते.

व्हिडिओबद्दल. चित्र आणि शब्दांतून माणूस कसा शिकतो यावर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं काम तुमच्या अभ्यासक्रमात येईलच. मुद्दा साधा आहे. माणसाला एका वेळी थोडंच डोक्यात धरता येतं, आणि डोळ्यांची वाट वेगळी, कानांची वेगळी. चित्र आणि आवाज एकत्र दिले की दोन्ही वाटा कामाला लागतात. पण जे बोलताय तेच अक्षरशः स्क्रीनवरही लिहिलंत, तर डोळे चित्र सोडून वाक्य वाचायला धावतात. तुमच्या व्हिडिओत खाली पूर्ण वाक्यं असतील तर काढून टाका. फक्त नवे शब्द ठेवा: ‘विभवांतर’, ‘रोध’. मागचं संगीतही काढा. आणि दीड-दोन मिनिटांनी थांबा, मुलाला पुढचं बटण स्वतः दाबू द्या.

एक अपवाद आहे. भाषा परकी असेल तर खाली लिहिलेली वाक्यं मदत करू शकतात. तुमची मुलं मराठीत शिकतायत म्हणून तुम्हाला ती गरज कमी. सेमी इंग्रजीची तुकडी असेल तर वेगळा विचार करावा लागेल.

---

निवृत्तमास्तर | २० जुलै, दुपारी ४.१८

बाई, तुमचा धागा दोनदा वाचला. मी २००९ साली निवृत्त झालो, भूगोल आणि मराठी शिकवायचो. तुमच्या विषयाच्या इतिहासातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय, ते नोंदवतो.

१९७५च्या ऑगस्टपासून वर्षभर ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आमच्या डी.एड.च्या सरांनी त्यावर आख्खा तास घेतला होता. आता गुरुजींची गरज उरणार नाही का, असं आम्ही पोरांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, टीव्ही बंद केल्यावर वर्गात काय होतं ते बघा. पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी संस्था सुरू झाली. इथल्या अनेकांना दूरदर्शनवरचे ते कार्यक्रम आठवत असतील. फार मनापासून केलेलं काम होतं.

माझ्या शाळेलाही एक रंगीत संच मिळाला. त्याच्यासाठी लाकडी कपाट केलं, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली कार्यालयात. कार्यक्रमाची वेळ आणि आमचं वेळापत्रक कधी जुळलं नाही. चोरी होईल, बिघडेल, जबाबदारी कोणाची, या भीतीनं तो संच वर्षात दोनदा बाहेर निघायचा, आणि त्यातला एक दिवस क्रिकेटच्या मॅचचा असायचा. वीस वर्षांनी आलेल्या संगणकांचंही तेच झालं. त्यांच्यावर प्लास्टिकची आवरणं होती आणि आवरणांवर धूळ.

हे तक्रार म्हणून सांगत नाही. शाळांमधून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील, सगळं चित्रपटातून शिकवता येईल, असं एडिसननं १९१३ साली सांगितलं होतं. दर पिढीत कोणीतरी तसंच सांगतं. वस्तू येते, शिक्षकाला कोणी विचारत नाही, आणि वस्तू कपाटात जाते. तुम्ही शिक्षक राहून या विषयात शिरलात, याचं मला म्हणून अप्रूप वाटतं. किल्ली तुमच्याकडे आहे.

---

गणितवेडा | २० जुलै, रात्री १०.३०

एक वेगळं मत मांडतो, राग मानू नये. एवढी दगदग करून पदवी कशाला? २०१७ पासून स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आहे. जगभरातले कोर्स फुकट किंवा नाममात्र पैशात मिळतात. मेयरचे नियम यूट्यूबवर वीस मिनिटांत कळतात. पगारात काय फरक पडणार? १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी तुम्हाला मिळालीच असेल, २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी अजून लांब आहे. मुलाची बारावी आहे. दोन वर्षं थांबला असतात तर?

---

खडूफळा | २१ जुलै, रात्री ११.४५

गणितवेडा, राग कशाचा? हा प्रश्न घरातही विचारला गेला, आणि मीही स्वतःला विचारला.

स्वयम्‌वरचे दोन कोर्स मी केले, प्रमाणपत्रं मिळाली. चांगले होते. पण त्यातला कोणीही माझा पिवळ्या ठिपक्यांचा व्हिडिओ पाहिला नाही. तिथे मी प्रश्नांची उत्तरं द्यायचे, ती बरोबर यायची, मी पुढे जायचे. इथे दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं, “मुलांना समजतं, हे तुम्हाला कशावरून कळतं?” मी म्हटलं, अनुभवावरून. त्या म्हणाल्या, “कुठला अनुभव? लिहून आणा.” मी चार पानं लिहून नेली. त्यांनी प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीनं लिहिलं: हे दिसलं की वाटलं? चार पानांत ‘दिसलं’ची वाक्यं सातच निघाली. असं कोणीतरी समोर बसून विचारल्याशिवाय मला हे उमगलं नसतं. एकटीनं तर नाहीच.

अनुभव बिनकामाचा आहे, असं मात्र मुळीच वाटत नाही. माझ्या वर्गात बावीस-तेवीस वर्षांच्या मुली आहेत. सॉफ्टवेअर त्यांना माझ्या दसपट वेगानं येतं, आणि त्या मला फार प्रेमानं शिकवतात. पण नववीचा मुलगा ‘धारा वापरली जाते’ असं का म्हणतो, ते त्यांना सुचत नाही. मला सुचतं. घरी आई म्हणते ‘लाईट फार जळते’, बिलावर युनिट ‘वापरले’ असं येतं, सेल ‘संपतो’. त्याची सगळी भाषा त्याला तेच सांगते. हे मी १९ वर्षांत कानांनी ऐकलंय. फक्त ते ऐकणं कधी तपासलं नव्हतं.

मुलाच्या बारावीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आम्ही दोघं रात्री एकाच टेबलाशी बसतो. त्याला भौतिकशास्त्रात अडलं तर मी सांगते, मला इंग्रजी वाक्य अडलं तर तो सांगतो. दोन वर्षांनी तो बहुधा घरी नसेल.

अंधेरीलोकल, खाली पूर्ण वाक्यं होतीच. काढली. मास्तर, तुमचं कपाट आमच्या शाळेतही आहे.

---

दुसरीपाळी | २३ जुलै, सकाळी ७.४०

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मला दुसऱ्या सत्रानंतर अभ्यासक्रम सोडावा लागला. कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितेय.

संस्थेनं तोंडी सांगितलं होतं की परीक्षेच्या काळात रजा देऊ, शनिवारी लवकर सोडू. माझाही विश्वास बसला. मग संचमान्यतेत (पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात, त्यात) आमच्याकडची दोन पदं कमी झाली, तासिका वाढल्या, आणि ऐन परीक्षेच्या आठवड्यात निवडणुकीचं काम आलं. रजेचा अर्ज नामंजूर. मी म्हटलं, आपलं ठरलं होतं. उत्तर आलं, तसं लेखी कुठे आहे? पहिल्या सत्रातले माझे गुण वर्गात सर्वांत जास्त होते.

म्हणून खडूफळाताई, आणि जो कोणी हे वाचत असेल त्याला सांगते: प्रवेश घेण्याआधी ना हरकत प्रमाणपत्र लेखी घ्या, त्यावर जावक क्रमांक असू द्या. वर्गाचे वार आणि परीक्षेचा अंदाजे काळ अर्जातच लिहा. अर्धवेतनी रजा किती शिल्लक आहे, ते सेवापुस्तकातून स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. क्लार्कनं फोनवर सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. अध्ययन रजेचा विषय निघाला तर नियमाची प्रत मागा, आणि रजेनंतर किती वर्षं सेवेचा बॉण्ड लागेल तेही आधीच विचारा. पदवी मिळाल्यावर तिची नोंद सेवापुस्तकात लगेच करून घ्या.

मी पुन्हा अर्ज करणार आहे. यावेळी कागद हातात घेऊन.

---

खडूफळा | २३ जुलै, रात्री १०.१०

दुसरीपाळी, तुमचं वाचल्यावर आज मोठ्या बाईंकडे जाऊन लेखी मागितलं. त्यांनी दिलं, जावक क्रमांकासह. मनापासून आभार. तुम्ही अर्ज कराल तेव्हा इथे कळवा, नोट्स माझ्याकडून घ्या.

---

मुलुंडपश्चिम | २४ जुलै, दुपारी १.०२

मुंबईत हे कुठे कुठे शिकता येतं? माझी बहीण महापालिका शाळेत आहे, तिला विचारायचंय.

---

गोवंडीकर | २४ जुलै, संध्याकाळी ६.५०

मला माहीत आहे तेवढं सांगतो. प्रवेशाचे नियम, फी आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघायला सांगा.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. हे विद्यापीठ १९१६ साली महर्षी कर्व्यांनी काढलं ते मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायचं, या आग्रहानं. वर इंग्रजी निबंधांबद्दल लिहिलंय म्हणून हे आठवलं.

पवईला आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाचं काम २०१० पासून चालू आहे, तिथे पीएचडी करता येते. त्यांचा २०१३चा एक अभ्यास तुमच्या बहिणीला आवर्जून वाचायला द्या. प्रोग्रॅमिंगच्या एका खूप मोठ्या वर्गात प्राध्यापकांनी ‘आधी एकट्यानं विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, मग सगळ्यांना सांगा’ ही पद्धत वापरली, आणि निरीक्षकांनी मुलं खरोखर कामात आहेत का ते मोजलं. सरासरी ८३ टक्के मुलं गुंतलेली दिसली. म्हणजे शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या विभागानं केलेला अभ्यास, आणि त्यातलं मुख्य साधन म्हणजे शेजारी बसलेला मुलगा. त्याच आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पही आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकायला छोटे व्हिडिओ, त्यातले बरेच मराठीतही.

देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत शिक्षक-शिक्षणाचं मोठं काम आहे. टाटा ट्रस्ट आणि अमेरिकेतल्या एमआयटीबरोबर त्यांनी २०१५ साली ‘क्लिक्स’ हा तंत्रज्ञानाच्या मदतीनं शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराममधल्या सरकारी माध्यमिक शाळांसाठी तो होता, आणि त्याला युनेस्कोचा २०१७चा पुरस्कार मिळाला. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४चं. विज्ञान आणि गणिताच्या शिक्षणात संशोधन करायचं असेल तर तिथे.

घर सोडणं शक्यच नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची शैक्षणिक तंत्रज्ञानातली पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणानं करता येते.

---

नमुनानिवड | २७ जुलै, रात्री ९.३५

मी शिक्षणशास्त्रात पीएचडी केली आहे. इंग्रजी निबंधांबद्दल आधी सांगतो, कारण त्या तीन रात्रींनी माणूस खचतो. निबंध पहिल्या पानापासून वाचू नका. आधी सारांश, मग शेवटची चर्चा, मग आकृत्या आणि तक्ते, आणि गरज पडली तरच मधला भाग. वहीत मराठीत चार ओळी लिहा: यांना काय शोधायचं होतं, कोणावर केलं, काय सापडलं, मला पटत नाही ते काय. चौथी ओळ रिकामी राहिली तर निबंध वाचून झाला नाही असं समजा. दहा-बारा निबंधांनंतर तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि वेग वाढतो.

आता तुमच्या व्हिडिओबद्दल. प्रबंधासाठी ‘जुना व्हिडिओ विरुद्ध नवा व्हिडिओ’ असं करायचा मोह होईल. त्याआधी शैक्षणिक तंत्रज्ञानाचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांचा १९८३चा निबंध वाचा. त्यांचं म्हणणं असं की माध्यम म्हणजे माल पोचवणारा ट्रक. वाणसामान ट्रकनं आलं की टेम्पोनं, त्यानं आपलं पोषण बदलत नाही. शिकणं घडतं ते आतल्या पद्धतीमुळे. याच क्षेत्रातले रॉबर्ट कोझमा यांनी त्याला नंतर उत्तर दिलं: काही माध्यमांत अशा गोष्टी करता येतात ज्या दुसऱ्यात करताच येत नाहीत. हा वाद अजून मिटलेला नाही. तुमच्या ठिपक्यांपुरतं सांगायचं तर आधी पद्धत बदलून बघा.

एक सूचना: व्हिडिओच्या आधी भाकीत. मुलांनी काय होईल ते आधी लिहायचं, मग पाहायचं, मग जुळलं नाही ते समजावून सांगायचं. प्रयोगशाळेत दोन ॲमीटर (विद्युतधारा मोजणारी यंत्रं) असतील तर बल्बच्या दोन्ही बाजूंना लावा. ‘फेट’ची सिम्युलेशन्स (संगणकावरचे आभासी प्रयोग) वापरा, नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेली. फुकट आहेत, बरीच मराठीतही आहेत. त्यात वायरीतले कण बल्बच्या आधी आणि नंतर सारखेच धावताना दिसतात.

आणि महिन्या-दीड महिन्यानं न सांगता पुन्हा तोच प्रश्न विचारा. नव्या गोष्टीचं नवेपण दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत गुण देऊन जातं. ते ओसरल्यावर काय उरतं ते बघायचं. तुलनेसाठी दोन तुकड्या घेणार असाल तर जिला नवा धडा आधी मिळाला नाही तिला नंतर तोच धडा नक्की द्या. आणि पालकांचं संमतिपत्र मराठीत, त्यांना समजेल अशा भाषेत असू द्या.

---

खडूफळा | ३० नोव्हेंबर, रात्री ११.०५

चार महिन्यांनी येतेय. सहामाही परीक्षा, पेपर तपासणी, मधेच सासूबाईंची फिजिओथेरपी. पण काम झालं.

नमुनानिवड सर, तुमच्या चार ओळींची वही आता अर्धी भरली. क्लार्क वाचले. पहिल्यांदा वाचून वाईट वाटलं, दुसऱ्यांदा वाचून हायसं वाटलं, कारण माझ्या शाळेत ट्रक नाही पण वाणसामान आहे.

ऑगस्टअखेर धडा पुन्हा घेतला. आमच्या प्रयोगशाळेत चार ॲमीटर निघाले, त्यातले दोन चालू. टॉर्चचे बल्ब, पेन्सिल सेल, मगरचिमटे. आधी प्रत्येकानं कागदावर भाकीत लिहिलं आणि पाकिटात बंद केलं. मग बल्बच्या दोन्ही बाजूंना ॲमीटर लावले. काटे हलले आणि एकाच रेघेवर थांबले. वर्गात आधी शांतता, मग एक मुलगी म्हणाली, “बाई, दुसरा बिघडलाय.” मी ॲमीटरांची अदलाबदल केली. पुन्हा तेच. तिनं स्वतः येऊन चिमटे तपासले, सेल बदलला, मग जागेवर जाऊन पाकीट उघडलं आणि स्वतःच्या वाक्याकडे बराच वेळ बघत बसली. १९ वर्षांत मी हा प्रयोग अनेकदा ‘करून दाखवला’ होता. मुलांनी आधी काय ठरवलंय ते कधीच विचारलं नव्हतं. सिम्युलेशन त्यानंतर दाखवलं. तोवर त्यांच्याकडे विचारायला प्रश्न होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर न सांगता तोच कागद पुन्हा दिला. सगळे सुधारले असं झालं नाही. काही मुलं जुन्या उत्तराकडे परत गेली, आणि ती का गेली, हाच आता माझ्या प्रबंधाचा विषय झालाय. त्यांच्याशी एकेकट्यानं बोलतेय. एकीनं सांगितलं, “परीक्षेत सारखी लिहायची, पण घरी तर लाईट वापरतोच ना.” हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. तुमच्या पेन्सिलीच्या खुणेत हे ‘दिसलं’मध्ये बसेल ना, असं मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘ऐकलं’ असा तिसरा रकाना काढा.

नवा व्हिडिओ करायला पहिल्या बाकावरच्या त्याच मुलाला बोलावलं होतं, ज्यानं ठिपके दाखवून दिले. त्यानं आधी कागदावर सर्किट काढलं. ठिपके एकेक मोजून काढले आणि बाजूला आकडा लिहिला: बल्बच्या आधी ९, मध्ये ९, नंतर ९. मी विचारलं, मग बल्ब पेटतो कशानं? त्यानं बल्बमधून बाहेर जाणारे छोटे बाण काढले, वेगळ्या रंगानं. तेच स्टोरीबोर्ड म्हणून घेतलंय.

मॅडमनी त्या कागदाचा फोटो प्रबंधाच्या परिशिष्टात घ्यायला सांगितलाय. त्यासाठी त्याच्या आईची वेगळी संमती हवी. ती सकाळी सातला कामावर निघते, म्हणून उद्या शाळेच्या आधी त्यांच्या घरी जाऊन येते.

---

शेवंती | ३० नोव्हेंबर, रात्री ११.३०

ताई, सासूबाई कशा आहेत आता?

---

खडूफळा | ३० नोव्हेंबर, रात्री ११.४१

काठीशिवाय चालतात. मघाशी येऊन दिवा बंद करायला सांगून गेल्या.